दिने म्हणजे दुपारचं जेवण

कॅनडातल्या मूनबीम या फ्रेंच बोलणाऱ्या गावी गेल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. मी फार्मसिस्ट. काउंटरला एक आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे, चौकड्यांचा जाड शर्ट, कानात मशीन. त्यांना कोलेस्टेरॉलची नवीन गोळी लागली होती, ती रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची. मी अकरावीला फ्रेंच घेतलेली, पुण्यात सगळे स्कोअरिंग म्हणून घेतात तशी, मग आवडलं म्हणून पुढे दोन वर्षं क्लासही केला होता, त्यामुळे मनापासून वाटलं की यांच्याशी यांच्याच भाषेत बोलावं. म्हणलं, ही 'दिने'बरोबर घ्या. पुस्तकात दिने म्हणजे रात्रीचं जेवण. आजोबांनी मान हलवली, मेर्सी म्हणाले आणि गेले.

चार दिवसांनी परत आले. म्हणे दिनेची गोळी चालू आहे रोज बाराच्या ठोक्याला, पण पूर्वी मी रात्री एक घ्यायचो ती बंद झाली का? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिथल्या फ्रेंचमध्ये सकाळची न्याहारी म्हणजे देजने, दुपारचं जेवण म्हणजे दिने आणि रात्रीचं सुपे. मी शिकले होते त्या फ्रेंचमध्ये देजने दुपारी येतं आणि दिने रात्री. म्हणजे तेच शब्द, पण सगळे एकेक घर सरकलेले. लेबल होतं पण बारीक इंग्लिश अक्षरात, आणि मुळात मी तोंडाने सांगितलेलं त्यांनी खरं धरलं होतं. औषध असं होतं की काही बिघडलं नाही, मी डॉक्टरांना कळवलं, आजोबांची माफी मागितली. ते म्हणाले, "सॅ कोरेक्त, मा बेल." ठीक आहे गं पोरी. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गोळी रक्त पातळ करायची असती तर? इन्शुलिन असतं तर?

दुसऱ्या दिवसापासून मी एक वही केली आणि तिथले लोक जे शब्द खरंच बोलतात ते लिहायला लागले.

मूनबीम कुठे आहे ते सांगायला हवं, कारण कॅनडात इतकी वर्षं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही ते माहीत नसतं. टोरंटोहून उत्तरेला ८०० किलोमीटरच्या वर, हायवे अकरावर. नॉर्थ बे गेलं, कॉक्रेन गेलं, मग स्मूथ रॉक फॉल्स, फोकिए, आणि मूनबीम. पुढे २० किलोमीटरवर कापुस्केसिंग, जिथे माझी फार्मसी होती. दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं, बारीक, काळपट, एकाला एक चिकटून, तासन् तास तेच. मग एकदम हायवेच्या कडेला एक उडती तबकडी दिसते, मोठ्ठी, खरीखुरी, गावाची खूण म्हणून उभी केलेली. नावाची गोष्ट अशी सांगतात की सुरुवातीला आलेल्या लोकांना रात्री आकाशातून ओढ्याकाठी प्रकाशाचे झोत पडताना दिसायचे, म्हणून मूनबीम. चंद्रकिरण. नाव इंग्लिश आणि गाव फ्रेंच. सरकारी पाटीवर 'काँतों द मूनबीम' असं लिहितात, काँतों म्हणजे टाउनशिप.

२०१६ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १,२३१ होती. २०२१ मध्ये १,१५७. त्या १,१५७ मध्ये आम्ही तिघं आहोत, मी, नवरा आणि लेक. साधारण तीन-चतुर्थांश लोकांची मातृभाषा फ्रेंच. आणि हे कॅनडाचा फ्रेंच प्रांत क्वेबेक नाही बरं का, हे ऑन्टारियो, जिथे आपण सगळे इंग्लिश धरून चालतो. पश्चिमेला जावं तसं अजून एकेक गाव लागतं, ओपासाटिका, तिथे दोनशेच्या आसपास माणसं, मग मॅटिस, मग हर्स्ट, सुमारे पाच हजारांचं, आणि तिथे तर दहातले जवळजवळ नऊ फ्रेंच. ऑन्टारियोत फ्रेंच बोलणारे एकूण सहा लाखांच्या वर आहेत, पण ऑटवामधला फ्रेंच माणूस बसमध्ये चढला की इंग्लिशमध्ये शिरतो आणि मूनबीमचा माणूस हार्डवेअरच्या दुकानात खिळे मागताना फ्रेंचच बोलतो, हा फरक मला तिथे राहून कळला.

ही माणसं इतक्या थंडीत आली कशाला हा प्रश्न मला पहिल्या जानेवारीत रोज पडायचा. सकाळी उणे तीस. गाडीच्या बॉनेटमधून एक वायर लोंबत असते, ती रात्रभर प्लगला लावून ठेवायची, इंजिन गरम राहावं म्हणून, नाहीतर सकाळी गाडी चालूच होत नाही. थंडीला पुस्तकातला शब्द फ्रुआ. शेजारच्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं की फ्रुआ ते टीव्हीवर म्हणतात, आपल्याकडे 'फ्रेत' असतं. नाकातले केस एकमेकांना चिकटले की समजायचं फ्रेत आहे. वहीत हा तिसरा का चौथा शब्द.

तर आले कसे. हा सगळा भाग चिकणमातीचा पट्टा आहे, ग्रेट क्ले बेल्ट म्हणतात. हिमयुगानंतर इथे एक प्रचंड सरोवर होतं, ओजिब्वे नाव दिलंय त्याला, ते आटलं आणि तळाची माती राहिली. १९०० मध्ये सरकारने सर्व्हे करून घेतला आणि सांगितलं की इथे शेती होईल, चला. मग १९१० नंतर रेल्वे आली, आणि क्वेबेकमधून, जिथे एकेका घरात दहा-बारा पोरं आणि शेताचे तुकडे पडलेले, तिथून पाद्री लोकांनी कुटुंबंच्या कुटुंबं आणली. माती चांगली होती, खोटं नव्हतं ते. पण जूनमध्ये दवाचा बर्फ होतो आणि ऑगस्टअखेर परत होतो, मधल्या वेळात काय पिकणार? बटाटा, गवत. मग माणसं लाकडावर जगायला लागली. कापुस्केसिंगला कागदाची गिरणी निघाली १९२० च्या दशकात, त्यात न्यूयॉर्क टाइम्सचे पैसे होते, आणि वर्षानुवर्षं त्या पेपरचा कागद इथल्या स्प्रूसचा होता. १९९१ मध्ये गिरणी बंद पडायची वेळ आली तेव्हा कामगारांनी पैसे गोळा करून ती विकत घेण्यात हिस्सा उचलला. माझ्या काउंटरला येणारे निम्मे म्हातारे त्या गिरणीतले नाहीतर जंगलातले. बोटं कमी असलेले हात मी तिथे जितके पाहिले तितके आयुष्यात पाहिले नाहीत.

आणि रिकाम्या जमिनीवर आले असं जे सांगतात ते खरं नाही, हेही लिहायलाच हवं. जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची, क्री लोकांची होती. १९०५-०६ मध्ये सरकारबरोबरच्या ट्रीटी नाइन या करारावर सह्या झाल्या, लगेच मागे रेल्वे. कापुस्केसिंग आणि ओपासाटिका ही नावं क्री भाषेतली आहेत. स्वतःच्या भाषेसाठी शंभर वर्षं झगडणारी माणसं ज्या गावांची नावं घेतात ती नावं दुसऱ्याच एका भाषेची आहेत. माझ्याकडे एक क्री बाई नातवाचं इनहेलर न्यायला यायच्या. नातवाशी इंग्लिश बोलायच्या, फोनवर कुणाशी तरी क्री. फोन ठेवला की आवाजच बदलायचा.

आता शेजारच्या बाईंबद्दल. त्यांचं नाव लिहीत नाही, माझी लेक त्यांना मेमेर म्हणायची, तिकडे आजीला मेमेर आणि आजोबांना पेपेर म्हणतात. आम्ही २०१९ च्या सप्टेंबरमध्ये गेलो तेव्हा लेक चार वर्षांची होती. रेमी नावाच्या तळ्याच्या बाजूला भाड्याचं घर. त्यांच्या दारावर हिरवा-पांढरा झेंडा लावलेला, हिरव्यावर लिली आणि पांढऱ्यावर ट्रिलियमचं फूल. हा ऑन्टारियोच्या फ्रेंच लोकांचा झेंडा, २५ सप्टेंबर १९७५ ला सडबरीत पहिल्यांदा फडकवला. मला वाटलं सणासाठी लावलाय. त्या म्हणाल्या, नाही गं, मागच्या नोव्हेंबरपासून काढलाच नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ऑन्टारियो सरकारने फ्रेंच भाषेच्या आयुक्ताचं स्वतंत्र ऑफिस बंद करायचं आणि होऊ घातलेलं फ्रेंच विद्यापीठ रद्द करायचं एकाच दिवशी जाहीर केलं होतं, त्या दिवसाला हे लोक काळा गुरुवार म्हणतात. १ डिसेंबरला प्रांतभर गावोगावी लोक रस्त्यावर आले होते. मेमेरही गेल्या होत्या, ८२ व्या वर्षी, पेपेर गाडीत हीटर लावून बसले होते.

मेमेरची आई ऑटवा नदीच्या काठच्या गावातली. ती शाळेत असताना 'रेग्लमाँ दिसेत' चालू होता, सतरावा नियम. १९१२ मध्ये ऑन्टारियोने काढलेला. पहिल्या दोन इयत्तांनंतर फ्रेंचमधून शिकवायचं नाही, नंतर थोडं सैल करून दिवसाला एक तास दिला. मेमेरची आई सांगायची की इन्स्पेक्टर आला की मास्तरीणबाई खूण करायच्या, पोरं फ्रेंच पुस्तकं बाकाखाली सरकवायची आणि इंग्लिश पुस्तकं वर. इन्स्पेक्टर गेला की परत. मी हे ऐकत होते तेव्हा मेमेर स्वयंपाकघरातल्या टेबलावर हाताने करून दाखवत होत्या, एक हात खाली, एक हात वर. पुस्तक नव्हतं हातात, तरी मला ते दिसत होतं.

ऑटवात गिग शाळेत तर १९१६ च्या जानेवारीत आयांनी शाळेला वेढा घातला होता. बेआत्रीस आणि दियान देलोज या दोन बहिणी तिथे शिक्षिका, त्या नियम मोडून फ्रेंच शिकवत होत्या, त्यांना काढायला पोलीस आले तर बायका टोपीच्या लांब पिना आणि लाटणी घेऊन दारात उभ्या राहिल्या. पोलीस परत गेले. नियम १९२७ मध्ये मागे पडला. पण सरकारी पैशावर फ्रेंच हायस्कूल यायला १९६८ उजाडलं. म्हणजे मेमेर स्वतः आठवीनंतर शिकल्या नाहीत, कारण पुढे शिकायचं तर इंग्लिशमध्ये किंवा फी भरून नन्सच्या शाळेत, आणि घरात अकरा भावंडं.

पण फक्त हे अन्यायाचं सांगितलं तर गाव अर्धंच दिसतं. कापुस्केसिंगच्या पश्चिमेला हायवेवरच रीसर सायडिंग नावाची जागा आहे, तिथे एक स्मारक आहे. १९६३ च्या फेब्रुवारीत गिरणीला लाकूड पुरवणाऱ्या लाकूडतोड्यांचा संप होता. आणि शेतकऱ्यांची सहकारी संस्था होती, ते आपापल्या जमिनीतलं लाकूड गिरणीला विकायचे, त्यांना संप परवडणारा नव्हता, कारण लाकूड वाहायचं ते हिवाळ्यात, रस्ता गोठलेला असेपर्यंतच. मध्यरात्री शेकडो संपकरी लाकडाच्या ढिगावर चालून आले, राखणीला बसलेल्या शेतकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. तीन संपकरी गेले, त्यातले दोघे सख्खे भाऊ. दोन्हीकडची माणसं बहुतेक फ्रेंचच, एकाच चर्चमध्ये जाणारी, सोयरी-धायरी. पेपेर त्या वेळी पंचविशीत होते. कुठल्या बाजूला होते ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की त्या रात्रीनंतर काही घरांत लग्नाची आमंत्रणं वीस वर्षं गेली नाहीत.

मला हे ऐकून भाषेबद्दल काहीतरी नवीन कळलं असं वाटलं. झेंडा, पिना, मोर्चे हे सगळं भाषेसाठी झालं, पण हे भांडण भाषेत झालं. शिव्याही त्याच भाषेत, आणि तिथल्या शिव्या सगळ्या चर्चमधल्या वस्तूंच्या, ताबर्नाक म्हणजे वेदीवरची पेटी, कालिस म्हणजे तिथला प्याला. रडणं त्याच भाषेत, कोर्टाबाहेर उभं राहून कुजबुजणं त्याच भाषेत. आपल्याकडे मराठीचा कार्यक्रम असला की आपण नटून जातो आणि दोन तास शुद्ध बोलतो, मग पार्किंगमध्ये गाडी कुणाची आडवी लागली की इंग्लिशमध्ये भांडतो. मीही. ते आठवलं.

शाळेचं सांगते. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेत कलम २३ आहे, त्यानुसार ज्या आईबापांची भाषा फ्रेंच किंवा ज्यांचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमध्ये झालं त्यांच्या मुलांना इंग्लिश प्रांतातही फ्रेंच शाळेचा हक्क, पण त्यात एक अट आहे, संख्या तेवढी असेल तर. आम्ही हक्कदार नव्हतो. लेकीला इंग्लिश शाळेत घालता आलं असतं पण गल्लीतली सगळी पोरं फ्रेंच शाळेत, आणि चार वर्षांच्या मुलीला खेळायला कोण मिळणार हाच आमच्यापुढचा खरा प्रश्न होता. अशा मुलांसाठी शाळेची प्रवेश समिती असते. मुख्याध्यापक बाई, एक शिक्षिका आणि बोर्डाच्या एक अधिकारी. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी रात्री आरशासमोर वाक्यं पाठ केली होती.

त्यांनी विचारलं, घरी काय बोलता? मी गडबडले. फ्रेंच म्हणावं तर खोटं, इंग्लिश म्हणावं तर यांना आवडणार नाही, आणि तसंही तेही खरं नव्हतं. म्हणलं, मराठी. पण आम्ही प्रयत्न करू, हळूहळू घरी फ्रेंच बोलू. मुख्याध्यापक बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नका करू तसं. तुम्हाला पुरती येते ती भाषा तिच्याशी बोला, ती भांडली तरी त्यातच भांडू दे. तिला एक भाषा तळापर्यंत आली की दुसरी आम्ही देऊ, ते आमचं काम आहे. मग विचारलं की मराठी किती लोक बोलतात. मी म्हणलं आठ कोटींच्या वर. त्या तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. बोर्डाच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, मग तुम्हाला काळजी नाही. मला उत्तर सुचलं नाही. आठ कोटी लोक होते, पण त्या ८०० किलोमीटरमध्ये माझ्या लेकीशी मराठी बोलणारी मी आणि तिचा बाबा दोघंच होतो.

लेक सहा महिन्यांत बोलायला लागली. तिचं फ्रेंच माझ्यासारखं नव्हतं, अस्सल तिथलं. 'मी'ला मुआ नाही, मुए. 'इथे'ला इसी नाही, इसित. मी पहिल्यांदा सुधारायला गेले आणि मेमेरनी मला थांबवलं. त्यांना लहानपणापासून पॅरिसवाल्यांनी, माँट्रियलवाल्यांनी, रेडिओवाल्यांनी सांगितलं होतं की तुमचं फ्रेंच बरोबर नाही. म्हणाल्या, इंग्लिशवाल्यांनी आमची भाषा बंद करायला बघितली, पण लाज वाटायला लावली ती आमच्याच लोकांनी. माझी आजी कोकणातली होती, ती पुण्यात पाहुण्यांसमोर कमी बोलायची. का ते मला मूनबीमच्या त्या स्वयंपाकघरात कळलं, आजी जाऊन १४ वर्षं झाल्यावर.

'तू' आणि 'तुम्ही'चंही तसंच. मी मेमेरना 'वू' म्हणायचे, म्हणजे तुम्ही, वयाचा मान म्हणून, आपल्याला सवयच ती. महिनाभराने त्या म्हणाल्या, मी काय केलंय म्हणून तू मला वू म्हणतेस? तिकडे शेजाऱ्याला तू म्हणतात, वू म्हटलं की माणूस लांबचा. मला जमायचंच नाही. ८३ वर्षांच्या बाईला तू! मग एकदा मनात आलं की माझ्या आईला मी तूच म्हणते, आजीलाही तू म्हणायचे. त्या दिवसापासून जमलं.

मग मार्चमध्ये कोविड आला. शाळा बंद, फार्मसी चालू, मी रोज जाणार आणि मेमेर-पेपेर दोघं ऐंशीच्या पुढचे, त्यामुळे मी त्यांच्या दारात पाऊल ठेवणं बंद केलं. औषधं पायरीवर ठेवून यायचे. लेकीचं फ्रेंच जाईल असं वाटत होतं, तर मेमेर रोज दुपारी कुंपणाच्या त्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बसायच्या, एप्रिलमध्ये सुद्धा, पायाखाली बर्फ, मांडीवर गोधडी, आणि ही इकडून बर्फात बसून त्यांना दिवसभराचं सांगायची. मी जेवायला हाक मारायचे, "ये गं!" दोनेक आठवड्यांत मेमेरच तिला कुंपणावरून "ये गं" म्हणायला लागल्या. आणि पेपेर 'बास' शिकले, कारण आम्ही चहाचा थर्मास कुंपणावरून द्यायचो आणि ओतताना मी विचारायचे बास? ऑगस्टमध्ये मास्क लावून आम्ही सगळे ब्लूबेरी वेचायला गेलो, तिकडे ब्लुए म्हणतात, जंगल तोडून झालेल्या वाळूच्या माळावर, वाकून वाकून कंबर मोडेपर्यंत, बोटं जांभळी, आणि कानामागे काळ्या माश्यांचे चावे. तिथे पेपेरनी बादलीवर हात आडवा धरला आणि स्वतःहून म्हणाले, बास.

फार्मसीत त्या काळात मला सगळ्यात मोठी गोष्ट समजली. काउंटरला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला इंग्लिश येत होतं. गिरणीत, सरकारी ऑफिसात, टीव्हीवर, आयुष्यभर वापरलेलं. मग यांना फ्रेंचमध्ये औषध सांगायची गरज काय, असं मला टोरंटोतले मित्र विचारायचे. पण दुखायला लागलं की माणूस भाषा बदलतो. एक बाई यायच्या, फाडफाड इंग्लिश बोलणाऱ्या, त्यांना नागीण झाली तेव्हा त्या मला इंग्लिशमध्ये एवढंच सांगू शकल्या की दुखतंय. मी फ्रेंचमध्ये विचारल्यावर सांगितलं की आगीसारखं नाही, बर्फात हात राहिल्यावर परत रक्त येताना जसं होतं तसं. ज्याला विस्मरण व्हायला लागतं त्याची तर बऱ्याचदा दुसरी भाषा आधी जाते. एका आजींचं इंग्लिश माझ्यासमोर वर्षभरात गेलं, आधी मोठे शब्द, मग आकडे, शेवटी फक्त थँक यू राहिलं होतं.

१९९७ मध्ये सरकारने ऑटवाचं माँफोर हॉस्पिटल बंद करायला काढलं होतं, ऑन्टारियोतलं फ्रेंचमधून शिकवणारं आणि उपचार करणारं हॉस्पिटल. जिझेल लालोंद यांनी लढा उभा केला, २२ मार्चला दहा हजार लोक जमले, कोर्टात गेले आणि २००१ मध्ये अपिलातही जिंकले. मी हे आधी वाचलं असतं तर भाषेचं राजकारण म्हणून पान उलटलं असतं. आता मला त्या नागीणवाल्या बाई दिसतात.

मग २०२१ चा मे आला आणि जनगणनेचा फॉर्म आला. मेमेर आदल्या दिवशी कुंपणाशी येऊन सांगून गेल्या होत्या की नीट भर. त्यांच्या दृष्टीने तो कागद साधा नव्हता. १९८६ च्या कायद्याने फ्रेंचमधून सरकारी सेवा मिळतात त्या नेमून दिलेल्या भागात, आणि भाग नेमताना बघतात ते माणसं किती. शाळा टिकते ती संख्येवर. त्या वर्षी तर फॉर्ममध्ये मुलांच्या फ्रेंच शाळेबद्दलचे नवीन प्रश्न होते. गावातली तरुण मुलं शिकायला सडबरीला, ऑटवाला जातात आणि परत येत नाहीत, तिकडे लग्न इंग्लिश माणसाशी झालं की नातवंडं नाताळला येऊन हाय मेमेर म्हणतात. मेमेरना चार मुलं, नऊ नातवंडं, त्यातली फ्रेंच बोलणारी तीन. म्हणून एकेका माणसाची मोजणी.

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून भरला. मातृभाषा, मराठी. घरी सगळ्यात जास्त काय बोलता, मराठी. तिघांचं तेच. लेकीला फ्रेंचमध्ये संभाषण करता येतं का, हो. मलाही हो, आणि ते लिहिताना मला सप्टेंबर २०१९ मधले ते आजोबा आठवले. ते त्या हिवाळ्यात गेले होते. त्यांच्या मुलीने उरलेल्या गोळ्या परत आणून दिल्या, त्यावर माझ्याच हाताने मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'ओ सुपे'.

पुढच्या फेब्रुवारीत आकडा आला, १,१५७. पाच वर्षांत ७४ माणसं कमी. मेमेरनी तो फ्रिजवर लिहून चिकटवला. ऑगस्ट २०२२ मध्ये भाषांचे आकडे आले तेव्हा आम्ही टोरंटोजवळ राहायला आलो होतो, नवऱ्याची नोकरी बदलली म्हणून, घरात अजून खोकी उघडायची होती. मी वाचत होते की छोट्या गावातल्या लोकांची ओळख उघड होऊ नये म्हणून भाषांसारखे तपशिलाचे आकडे थेट छापत नाहीत, वर किंवा खाली सरकवून पाचाच्या पाढ्यात बसवतात. म्हणजे तीन माणसं असली तर तक्त्यात शून्य दिसतील किंवा पाच. मी लेकीला ते समजावून सांगितलं, सात वर्षांची झाली होती, तिला आकडे आवडायचे. तिने बोटं मोजली. मी, आई, बाबा. मग अजून दोन बोटं उघडली.

"मेमेर आणि पेपेर," ती म्हणाली. "पाच बरोबर आहेत."